सत्याला हयातीचा दाखला

सत्याला मरण नाही असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणारे बहुधा बँकेच्या काउंटरमागे कधी बसलेले नसावेत. सत्याला मरण नसेलही. पण आपण जिवंत आहोत हे त्याला दर वर्षी सिद्ध करावं लागतं, त्याचं काय?

माझा अनुभव असा की, खोटं बोलणाऱ्याला या जगात फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो खरं सांगणाऱ्याला, आणि त्यातही चमत्कारिक खरं सांगणाऱ्याला. खोटं कसं दाढीबिढी करून, इस्त्रीचे कपडे घालून येतं. आपली चौकशी होणार हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे ते तयारीतच असतं. खरं बिचारं अंथरुणातून उठून तसंच येतं. केस विसकटलेले, सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात. साहजिकच दारावरचा गुरखा अडवतो तो त्यालाच.

संध्याकाळी उशिरा घरी पोचल्यावर ‘ओव्हरहेड वायर तुटली’ एवढं म्हटलं की आमच्या घरात कुणी मान वर करून बघत नाही. पण एकदा खरोखरच वरातीतला घोडा उधळून रुळांवर येऊन उभा राहिला आणि आमची गाडी पंचवीस मिनिटं थांबली. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने ही हकीकत सांगितली. सौभाग्यवतीने पोळी लाटता लाटता एकच प्रश्न विचारला, “मग नवरदेव कुठे होता?” आता नवरदेव कुठे होता हे मला काय माहीत! पण तेवढ्या एका प्रश्नावर माझा दावा खर्चासह फेटाळला गेला. थाप मारायची असती तर नवरदेवाचीही काहीतरी सोय केली नसती का मी?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला कॉलेजात शिकवलं ते एवढंच की, प्रत्येक नावे रकमेसमोर एक जमा रक्कम असते आणि व्हाउचरशिवाय नोंद नसते. पुढे बँकेत लागल्यावर यात आणखी एका ज्ञानाची भर पडली. ती म्हणजे, व्हाउचर असलं की नोंद खरी असलीच पाहिजे असं काही नाही. या दोन वाक्यांत माझं सगळं तत्त्वज्ञान आलं. पण त्यामुळेच मला एक छंद जडला. दर वर्षी जानेवारीत बँकेची जी डायरी मिळते, तिच्यात मी खऱ्या पण कुणाला खऱ्या न वाटणाऱ्या गोष्टी टिपून ठेवतो. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, मी सत्य जमवतो. तिकिटांना निदान गिऱ्हाईक तरी मिळतं.

आता हेच बघा. ऑक्टोपस नावाच्या प्राण्याला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांना रक्त पुरवण्यासाठी आणि एक उरलेल्या देहासाठी. रक्त तांबडं नाही, निळं. कारण आपल्या रक्तात लोह असतं, त्याच्या रक्तात तांबं. आणि गंमत म्हणजे हा गडी पोहायला लागला की त्याचं मुख्य हृदय ठोके देणं थांबवतं. म्हणून पोहण्यापेक्षा तो सरपटणंच पसंत करतो. स्टेशनचा जिना चढताना माझंही साधारण असंच होत असल्यामुळे मला या प्राण्याविषयी विशेष आपुलकी आहे.

एका रविवारी जेवताना मी हे सगळं सांगितलं. पानावर चार माणसं होती. आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, हे फॉरवर्ड आलंय ना?” आमचे मेहुणे मेहकरहून आले होते. ते विमा कंपनीत असल्यामुळे त्यांच्या विचाराची दिशा वेगळी. ते म्हणाले, “भाऊजी, तीन हृदयं म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता केवढा येत असेल हो!” सौभाग्यवतीने “जेवताना ते निळं रक्त नको” असा स्थगनप्रस्ताव मांडला. विश्वास ठेवला तो फक्त माझ्या आईने. ती म्हणाली, “असेल बाबा. देवाने दिली असतील तर काही उगीच नसतील दिली.”

आईचा माझ्यावर असा सरसकट विश्वास आहे. ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा एक गुबगुबीत प्राणी आहे आणि तो चौकोनी लेंड्या टाकतो, अगदी फाशासारख्या, हेही तिने एका दमात मान्य केलं. त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, कुठे ताठ तर कुठे सैल, म्हणून आतला माल चौकोनी होतो, हे शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं. वॉम्बॅट आपल्या हद्दीच्या खुणा दगडधोंड्यांवर ठेवतो. खूण चौकोनी असली म्हणजे घरंगळत नाही, असा त्यातला फायदा सांगतात. आई एवढंच म्हणाली, “गाईला ही बुद्धी सुचली असती तर आमचा गोवऱ्या थापायचा त्रास वाचला असता.”

या संशोधनाला २०१९ मध्ये बक्षीसही मिळालं. बक्षिसाचं नाव इग्नोबेल. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामगिरीला ते देतात. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मेहुण्यांच्या अविश्वासाचा मात्र मला एकदा चांगलाच अनुभव आला. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. हे सरोवर मुळात उल्का आदळून पडलेल्या खड्ड्यातलं, म्हणजे त्याच्या जन्माची गोष्टच पटायला कठीण. त्यात ते गुलाबी झालं. मी मेहुण्यांना फोटो पाठवला. मेहकरहून लोणार किती लांब? पण मेहुण्यांचं उत्तर आलं : “कोणीतरी कॉम्प्युटरवर रंग भरलाय, भाऊजी. शहरातली माणसं लवकर फसतात.” पुढे ते स्वतः जाऊन बघून आले. पाण्यातला क्षार वाढला की त्यात राहणारे विशिष्ट सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात, हे शास्त्रज्ञांनीही सांगितलं. त्यानंतर मेहुण्यांचा फोन आला. “भाऊजी, आमचं लोणार गुलाबी झालंय, तुम्हाला माहीत आहे का?” मी “नाही बुवा!” म्हणालो. पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो.

माझ्या सत्यांचा दुसरा श्रोतृवर्ग म्हणजे सकाळच्या लोकलमधला आमचा पत्त्यांचा अड्डा. चौघांच्या मांडीवर ब्रीफकेस, ब्रीफकेसवर रमी. या मंडळींना एकदा मी सांगितलं की, हा आत्ता तुम्ही नीट पिसलेला कॅट आहे ना, त्यातल्या बावन्न पानांचा हा जो क्रम लागलाय, तो जगाच्या इतिहासात आजवर कधीच लागलेला नसणार. हिशेब सोपा आहे. पहिल्या जागी ५२ पैकी कोणतंही पान येईल, दुसऱ्या जागी उरलेल्या ५१ पैकी, तिसऱ्या जागी ५० पैकी. हे सगळे आकडे एकमेकांना गुणत जा. उत्तर येतं ते ६८ अंकी. आपल्या अख्ख्या पृथ्वीवर जेवढे अणू आहेत त्यांची संख्या पन्नास-एक अंकांत आटोपते. म्हणजे पृथ्वीपेक्षा मोठा ऐवज तुमच्या तळहातावर आहे, आणि तुम्ही तो पैशाला पॉइंट लावून खेळताय!

क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, सत्याचा विजय झाला. तेवढ्यात आमच्यातले रेल्वेवाले म्हणाले, “एवढे प्रकार आहेत, तर मग मला रोज तेच भिकार पत्ते कसे येतात?” या प्रश्नाला गणितात उत्तर नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही प्राण्यांची आणि पत्त्यांची भानगड राहू द्या. आपल्या माहितीतलं काहीतरी सांगा. ठीक आहे. मुंबईचंच घ्या.

ही मुंबई लग्नाच्या देण्याघेण्यात इंग्रजांकडे आली, हे शाळेच्या पुस्तकात होतं म्हणून आपण मान्य करतो. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार १६६१ साली झाला, त्यात मुंबई बेट हुंड्यात गेलं. जावयाला ते काही फारसं पसंत पडलं नसावं. १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं किती? वर्षाला दहा पौंड. पागडी नाही, डिपॉझिट नाही, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स नाही. मी हे आमच्या इमारतीच्या सभेत सांगितलं तेव्हा सेक्रेटरी काका म्हणाले, “त्यात मेंटेनन्स धरलेला नसणार.”

पण खरी गंमत ताबा देण्याच्या दिवशी झाली. पोर्तुगीजांनी नवं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारलं होतं. इंग्रज जुन्यालाच धरून बसले होते, ते दहा दिवस मागे. शिवाय त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे मुंबईचा ताबा दिला-घेतला तो दिवस पोर्तुगीजांच्या लेखी १८ फेब्रुवारी १६६५ होता आणि इंग्रजांच्या लेखी ८ फेब्रुवारी १६६४! देणाऱ्याने दिलं पासष्ट साली, घेणाऱ्याने घेतलं चौसष्ट साली. आमच्याकडे असा चेक आला तर आम्ही तो ‘तारीख पाहा’ म्हणून परत पाठवू. इथे अख्खं शहर वटलं.

पुढे इंग्रजांनाही उपरती झाली आणि १७५२ मध्ये त्यांनी नवं कॅलेंडर घेतलं. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. म्हणून काय केलं, तर अकरा दिवस सरळ खोडून टाकले. २ सप्टेंबरला बुधवारी रात्री लोक झोपले आणि सकाळी उठले ते गुरुवारी, १४ सप्टेंबरला. कायदा इंग्रजांच्या आशियातल्या मुलखालाही लागू होता, त्यामुळे मुंबईनेही हे अकरा दिवस गमावले. पुण्यात मात्र पेशव्यांची तिथी आपल्या गतीने चालू होती. ही हकीकत ऐकून आमच्या कॅशियरने पहिला प्रश्न विचारला, “आणि व्याज?” याला म्हणतात बँकेतला माणूस! तर त्या कायद्यात तशी तरतूद होती. देणी अकरा दिवस आधी वसूल करता येणार नाहीत, मुदत पूर्ण दिवस मोजूनच भरेल. त्या सरकवासरकवीचा परिणाम असा की इंग्लंडचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. पावणेतीनशे वर्षांपूर्वीची एक दुरुस्तीची नोंद अजून खात्यात दिसते आहे.

तारखेचं हे असं, तर घड्याळाचं काय विचारता! भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली, पण मुंबईकरांना ती मानवली नाही. शहराची स्वतःची वेळ होती, ‘बॉम्बे टाइम’, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. विरोध एवढा झाला की ही जुनी वेळ या ना त्या घड्याळात १९५५ पर्यंत टिकून राहिली. एकाच शहरात एका भिंतीवर नऊ वाजलेले, तर दुसऱ्या भिंतीवर आठ वाजून एकवीस मिनिटं. आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवा. २७ ऑगस्ट १८९६ रोजी इंग्लंड आणि झांजिबार यांच्यात युद्ध झालं. सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी तोफा सुरू झाल्या आणि पावणेदहा वाजायच्या सुमाराला सगळं आटोपलं. कोणी ३८ मिनिटं म्हणतं, कोणी ४५. आपण ३८ धरू. म्हणजे मुंबईतल्या दोन घड्याळांच्या मधल्या वेळात एक अख्खं युद्ध बसलं असतं आणि वर चहाला एक मिनिट उरलं असतं.

युद्धावरून आठवलं. १९३२ च्या नोव्हेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियात लष्कर विरुद्ध इमू असा सामना झाला. इमू म्हणजे शहामृगाच्या नात्यातला, माणसाएवढा उंच पक्षी. हजारोंच्या संख्येने हे पक्षी गव्हाच्या शेतांत घुसले, म्हणून सरकारने एक मेजर, काही सैनिक, दोन लुइस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या पाठवल्या. इमूंनी काय केलं, तर ते लहान लहान टोळ्यांत पांगले आणि पळत सुटले. आपल्या मावळ्यांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. डिसेंबर उजाडला तेव्हा लष्कर परत गेलं आणि इमू तिथेच राहिले.

हे ऐकून माझ्या शेजारच्या टेबलावरचा कर्जविभागाचा सहकारी मात्र हसला नाही. तो सुस्कारा टाकून म्हणाला, “मला खरं वाटतं.” कारण दोन हजार सालानंतर आपल्याकडेही इमूपालनाची लाट आली होती. अंडं विका, तेल विका, पिसं विका, घरबसल्या लखपती व्हा. शेतकऱ्यांनी कर्जं काढून पक्षी घेतले. २०१२ च्या सुमाराला लाट ओसरली, इमूला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि खाद्य परवडेना म्हणून कित्येकांनी पक्षी मोकळे सोडून दिले. इमूचा हा दुसरा विजय. पहिल्यात सरकारच्या गोळ्या वाया गेल्या, दुसऱ्यात गरिबाचं भांडवल.

या दोन गोष्टींतला फरक मी डायरीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. इमूंनी लष्कराला हरवलं, ही गोष्ट खरी असून कुणी मानत नाही. इमू पाळून माणूस लखपती होतो, ही गोष्ट खरी नसून लोकांनी कर्ज काढून मानली. कारण दुसरीला छापील माहितीपत्रक होतं, रंगीत फोटो होते, आणि तिसऱ्या पानावर नफ्याचा तक्ता होता. माणूस गोष्ट बघत नाही, तिचे कागद बघतो.

कागदावरून एक जून आठवला. गणिती लोक सांगतात की, एका खोलीत तेवीस माणसं जमली तर त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. लोकांना हे पटत नाही. मला पटतं, कारण आमच्या शाखेत त्यासाठी तेवीस माणसं लागतच नाहीत, पेन्शनच्या रांगेतले तीन आजोबा पुरतात. तिघांचाही जन्म १ जूनचा. बाजूला बसलेल्या आजींचाही १ जून. महाराष्ट्रात एके काळी पावसाळ्याच्या तोंडावर पोरं एवढ्या मोठ्या प्रमाणावर कशी जन्मत होती, असा प्रश्न एखाद्या परदेशी पाहुण्याला पडावा.

तुम्हाआम्हाला कारण ठाऊक आहे. गावात जन्माची नोंद कोण ठेवतो? कुणी पुराच्या वर्षी जन्मलेला, कुणी गाय व्यायली त्या आठवड्यातला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला हाताला धरून घेऊन यायचा. गुरुजी सांगायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर बघू. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग गुरुजी वर्षाचा अंदाज बांधायचे आणि रजिस्टरात लिहायचे, १ जून. झालं! तोच दाखला पुढे नोकरीला लागला, लग्नाला लागला, आधारला लागला. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची झुंबड उडते, हार महाग होतात, आणि ‘त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे’ हे वाक्य एकाच दिवशी एकाच मजल्यावर सहा वेळा ऐकू येतं. सगळ्यांना ठाऊक आहे की ही तारीख खोटी आहे. तारखेच्या मालकाला ठाऊक आहे, बँकेला ठाऊक आहे, सरकारला ठाऊक आहे. पण कागदावर आहे ना, मग खरी!

याच्या बरोबर उलट गोष्ट उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यात घडली. लाल बिहारी नावाचे गृहस्थ १९७५ च्या सुमाराला कर्जासाठी लागणारे कागद गोळा करायला गेले. सरकारी दप्तर उघडलं, तर त्यात ते मेलेले! वाट्याची जमीन लाटण्यासाठी नातेवाइकांनीच त्यांना कागदावर मारून टाकलं होतं. समोर माणूस उभा, बोलतोय, घाम पुसतोय. पण दप्तर म्हणतं, वारले. मी बँकेतला माणूस असल्यामुळे पलीकडच्या कारकुनाचा चेहरा मला स्पष्ट दिसतो. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं असेल, एकदा माणसाकडे, आणि कागदावर विश्वास ठेवला असेल. कागद बिचारा वाद घालत नाही.

या गृहस्थांनी मग एकोणीस वर्षं जिवंत होण्यासाठी खटपट केली. नावापुढे ‘मृतक’ अशी उपाधी लावली. आपल्या बायकोला विधवा-पेन्शन द्या, असा अर्ज केला. म्हणजे मंजूर झाला तर पैसे आणि नामंजूर झाला तर आपण जिवंत. १९८९ मध्ये अमेठीतून चक्क राजीव गांधींच्या विरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, कारण उमेदवार व्हायला माणूस जिवंत लागतो. आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळल्यावर त्यांनी मृतक संघ काढला. मेलेल्यांची संघटना! वर्गणी भरायला सभासद स्वतः येत असतील. अखेर १९९४ मध्ये सरकारने त्यांना जिवंत म्हणून मान्यता दिली. आणि २००३ मध्ये त्यांना बक्षीस मिळालं, तेच ते, वॉम्बॅटवाल्या संशोधनाला पुढे मिळालेलं इग्नोबेल. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं.

आमच्याकडे हसण्याचा आणि विचार करण्याचा हा हंगाम दर वर्षी नोव्हेंबरात येतो. पेन्शन घेणाऱ्याने त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी फॉर्मवर सही पुरायची. २०१४ पासून यंत्र आलं. बोट ठेवा, हिरवा दिवा लागला की तुम्ही जिवंत. सोय उत्तम आहे. शंभरातले बहुतेक लोक मिनिटभरात जिवंत होऊन, पेढ्यासारखी पावती घेऊन घरी जातात.

गेल्या नोव्हेंबरात एक आजी आल्या होत्या. नवरा एका कचेरीत शिपाई होता, त्याचं कुटुंबनिवृत्तिवेतन. आजींनी स्वतः चाळीस वर्षं चार घरची धुणीभांडी केलेली. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा यंत्रावर ठेवला. जुळत नाही. तर्जनी ठेवली. जुळत नाही. डावा हात घेतला, रुमालाने पुसला, पुन्हा ठेवला. दहाही बोटं झाली. वयाने आणि कामाने बोटावरच्या रेषा झिजतात, मग यंत्राला वाचायला काही उरत नाही. चेहरा दाखवून काम होणारी दुसरी सोय आहे, पण त्या दिवशी नेटवर्कचीच हयात संशयास्पद होती.

आजी म्हणाल्या, “आरं बाबा, मी हितं हुबी हाय की तुझ्याम्होरं!”

आता याला काय उत्तर द्यायचं? मी त्यांची कागदपत्रं पुन्हा चाळली. आधार होतं, पासबुक होतं, पेन्शनचं बुक होतं. सगळ्यांवर जन्मतारीख एकच, १ जून. मी सहज विचारलं, “आजी, तुमचा जन्म जूनचा का?” आजी म्हणाल्या, “छ्या! आई म्हनायची, संक्रांतीला झाली तू, तिळाचे लाडू वळताना.”

मी त्या यंत्राकडे बघत राहिलो. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख यंत्राने बिनतक्रार स्वीकारली होती. आणि चाळीस वर्षं भांडी घासून खऱ्याखुऱ्या झिजलेल्या हाताला ते म्हणत होतं, जुळत नाही.

कागदी फॉर्म अजून शिल्लक आहे, हे नशीब. मी तो भरला आणि आजींना आमच्या मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये घेऊन गेलो. बाईंनी चष्मा वर करून आजींना नीट पाहिलं, ‘समक्ष पाहिले’ अशा अर्थाच्या छापील ओळीखाली सही केली, शिक्का मारला. आजींनी विचारलं, “आता हाय का मी?” मॅनेजरबाई गंभीरपणे म्हणाल्या, “आहात, आजी. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.” आजी खळखळून हसल्या. मग बाहेर येऊन माझ्या टेबलावर कनवटीची दोन खारकांची पुडी ठेवून गेल्या. तिचं व्हाउचर मी केलं नाही.

ऑक्टोपसच्या तीन हृदयांवर कुणी विश्वास ठेवला नाही तरी ऑक्टोपसचं काही अडत नाही. त्याला नोव्हेंबरात बँकेत यायचं नसतं. शुक्र स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २४३ दिवस लावतो आणि सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांतच उरकतो, म्हणजे गिरकी पुरी व्हायच्या आत त्याचं वर्ष संपलेलं असतं. तुम्ही हसा, नाहीतर ‘फॉरवर्ड आहे’ म्हणा, शुक्राचा एक हप्ताही चुकत नाही. अडतं ते माणसाचं. त्याची विचित्र गोष्ट खरी असते आणि तिच्यावर महिन्याचा किराणा अवलंबून असतो.

म्हणून मी आपला एक साधा नियम केला आहे. काउंटरवर येऊन कुणी अगदी अशक्य वाटणारी हकीकत सांगायला लागलं, तर मी आधी त्याला खुर्ची देतो. गोष्ट खरी असली तर ती ऐकायला वेळ लागतो. ती मधूनच सुरू होते, मागे जाते, तिच्यात एखादा नवरदेव कमी असतो. ज्याची गोष्ट खोटी असते त्याला खुर्चीची गरजच पडत नाही. त्याचे सगळे कागद पूर्ण असतात.